आपलं घर विचारायचं राहिलं

ता. ४ जून

चि. नातीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मी सांगते आहे, तुझी आई लिहिते आहे. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा. लोक काय म्हणतील हे मोजायची नोकरी लागली म्हणे तुला! आमचा जन्म त्याच धाकात गेला, पण मोजायचं कुणाला सुचलं नाही.

बातमी अशी, की तुझ्या आईचं शिवणाचं मशीन दुरुस्त करणारे गृहस्थ, जे मशीन ठणठणीत असतानाही तेल घालायला येतात, त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. माझा लेक, तुझे बाबा, जाऊन आठ वर्षं झाली. हिला मनातून आवडतात ते, पण लोक काय म्हणतील म्हणून नाही म्हणाली. हे लिहिताना कान लाल झालेत. खोडायचं नाही असं दटावलंय मी. तर हे लोक मोजायचे कसे, ते कळव.

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.
तुझी आजी

ता. १२ जून

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. एकेकीला एकटी गाठ. दुसरीच्या देखत उत्तर बदलतं. दोनच गोष्टी विचार. तुम्हाला स्वतःला यात वावगं वाटतं का, आणि बाकीच्यांना वाटेल का. या दोन उत्तरांत जे अंतर पडतं, तेच आम्ही मोजतो. मध्ये टोमणे मारायचे नाहीत, हे तुला जड जाईल. माझं म्हणशील तर मला आनंदच होईल. एवढं वाक्य आईकडून मोठ्याने वाचून घे.

तुम्हा दोघींची माया आहे, ती राहू द्यावी.
तुझी नात

ता. २५ जून

चि. नातीस,

अनेक आशीर्वाद. जिन्यातली अकराही घरं पालथी घातली. मला लिहिता येत नाही म्हणून आईच्या डब्यातली बटणं नेली. हरकत नसेल तर पांढरं, असेल तर काळं. अकरांत स्वतःपुरती दहा पांढरी, दुसऱ्यांविषयी दहा काळी! वरची नर्स म्हणाली, आपलं काही नाही, पण तळमजल्यावरच्या बाई नावं ठेवतील. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, ती नर्स ठेवेल.

बटणं आईपुढे ओतली, तर ही एकेक उचलून पुन्हा डब्यात भरू लागली. मग खालमानेने म्हणाली, की अकरा घरं विचारलीत, पण मला धास्ती तुमचीच होती. मी चाटच पडले. अगं, आठ वर्षं मी हा विषय काढला नाही, तो हिला नकोशी झाल्यासारखं वाटू नये म्हणून! आत्ताच सांगितलं तिला, मला आवडेल. हेही लिही म्हटलं.

इथून अक्षर वेगळं दिसेल. तुझी आई माझ्या कानात काहीतरी सांगून आत पळाली. मशीनवाले दारात आलेच होते, त्यांना नवा कागद देऊन बसवलंय. भला माणूस, सांगेन ते निमूट लिहितो आहे. तर लिहा म्हटलं: माझ्या सुनेचा लग्नाला होकार आहे, स्वतः सांगायला लाजते, अट एकच, सासूही सोबत राहील.

हात थांबला त्यांचा. मी पुन्हा सांगितलं. आता विचारतायत, होकार आहे एवढं दोनदा लिहिलं तर चालेल का.

चालेल म्हटलं. होकार आहे.

लवकर ये, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी