लसीच्या सकाळी उपाशी

आई, गेल्या शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझी पणती, म्हणजे माझी नात, लसीच्या रांगेत चक्कर येऊन पडली. सुई अजून टोचलीही नव्हती. याला जबाबदार तू आहेस, आणि तुला जाऊन तीस वर्षं झाली ही सबब मी ऐकून घेणार नाही.

कारण "सुईला रिकाम्या पोटी जायाचं, न्हायतर ओकशील" हा कायदा तुझा. मी सातवीत आहे, कॉन्व्हेंटमध्ये त्या दिवशी लस टोचायला माणसं यायची आहेत. तू चुलीपुढे बसली आहेस, तव्यावर तांदळाची भाकरी फुगते आहे, आणि मी हात पुढे केला की तू उलथण्याने तो मागे सारतेस. पाणीसुद्धा दिलं नाहीस. शाळेच्या हॉलमध्ये माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टरने खुर्चीत बसवून विचारलं, खाऊन आलीस का? मी म्हटलं, "येस, सिस्टर." तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून इंग्रजीत खोटं बोलले. संध्याकाळी तू गरम पेज वाढलीस, भाजलेला बोंबील दिलास आणि शेजारणीला सांगितलंस, "पोर उपाशी व्हती म्हनून वाचली." मी वाचले नव्हते, आई. मी पडले होते.

हा राग मी इतकी वर्षं नीट जपला. सुताच्या पेढीवर निवृत्त होईपर्यंत पत्रव्यवहार सांभाळला, कोणाची चूक कधी सोडली नाही. आणि शनिवारी काय केलं? नात पोळीचा रोल खात होती, तो मी तिच्या हातातून काढून घेतला. "येऊन खा," म्हटलं. तोंड माझं, आवाज तुझा. केंद्रावर नर्सने तिला बाकावर आडवं केलं, पाय उंच केले आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" पोरीने माझ्याकडे एकदाच बघितलं. "भूक नव्हती," म्हणाली. नर्स माझ्याकडे वळली. "मावशी, ही काय रक्ताची तपासणी आहे, उपाशी आणायला? नाश्ता करवायचा, पाणी पाजायचं, मग आणायचं." बोलण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. मी गप्प राहिले.

घरी सूनबाईने निकाल दिला, "नुसत्या रांगेत ही गत, तर टोचल्यावर काय होईल? नकोच ती लस, आई." तरीही मी गप्प. ही लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची आहे. तू त्यानेच गेलीस. तुझ्या वेळी ती नव्हती. आता आहे, काल्हेरच्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि मी तोंड उघडत नाही म्हणून पोर तिला मुकणार होती.

आज दुपारी सूनबाई मेथी निवडत होती, तेव्हा सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही.

"म्हणजे ती भुकेने पडली?"

"हो."

"आणि सहा दिवस तुम्ही मला लसीवर राग काढू दिलात."

"दिला."

तिने उरलेली जुडी निवडून संपवली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "काय गं, उद्या लसीला जायचंय. नाश्त्याला काय करू?"

आतून उत्तर आलं, "घावणे. आणि आजीला माझ्या ताटाजवळ येऊ देऊ नकोस."

मला ते लागलं, पण हसूही आलं. लिंबू सरबत तरी मीच करणार आहे, आणि टोचून आल्यावर मऊ भात.

तेव्हा आई, उद्या आम्ही नऊला निघतो. मला उपाशी का पाठवलंस, याचं उत्तर हवं आहे. हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते इथेच, माझ्या कपाटात राहील. आणि खरं सांगायचं तर उत्तरही मला शनिवारपासून ठाऊक आहे. तू घाबरली होतीस. मीही घाबरले होते. पण तोंडी चालणार नाही. लेखी दे, उद्या सकाळी साडेआठच्या आत.