मेडिकलआधीचा पराग

सोमवार, ३ फेब्रुवारी
चौदा तारखेला कंपनीत मेडिकल. श्वास मोजायला नळीत फुंकून दाखवायचं. आम्हा कंत्राटवाल्यांसाठी परमनंटची जागा एकच. माझ्या लाइनवरचा सत्यमही येणार आहे. तो तंबाखू खातो, त्यामुळे काळजी नाही.
लोणावळ्याहून मधमाश्यांनी गोळा केलेल्या परागाच्या दाण्यांची बरणी आणली. लेबलवर दमा, ॲलर्जी, अशक्तपणा, सगळं आहे. माझा दम्याचा पंप विहिरीत टाकला. परमनंट माणसाच्या खिशात पंप शोभत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी. सकाळी
उपाशीपोटी एक चमचा. घसा खाजतो. म्हणजे काम सुरू झालं.
आई म्हणाली, माशीच्या पायाचा मळ खातूस व्हय रं? त्यापरीस भाकर खा.
तिला प्रोटीन माहीत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
छातीत शिट्टी वाजते. कारण धूर. आईला चूल अंगणात मांडायला लावली.

सोमवार, १० फेब्रुवारी
शिट्टी आहेच. कारण उदबत्ती. बंद. बायकोची, सविताची, पावडरही बंद. सविता म्हणाली, आता घरात मीच तेवढी राहिले, मलाबी अंगणात मांडा.
बोलताना धाप लागते. दोन चमचे सुरू केले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
ओठ आणि डोळे सुजले आहेत. चेहरा भरला. सविता रडत म्हणाली, दवाखान्यात चला. गेलो तर डॉक्टर कागदावर दमा लिहिणार. परमनंट झालो की जाईन.
उद्या तीन चमचे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
(नंतर लिहिलं.)
गेटवरच्या हजेरीच्या मशीनने माझा चेहरा ओळखला नाही. वॉचमन हौशीरामभाऊंनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं. म्हणाले, हा फोटोतला तुमचा बारका भाऊ का? तो कुटं हाय?
मीच तो, असं सांगायचं होतं. श्वास आला नाही. तिथेच खाली बसलो. सत्यम माझ्या शेजारून आत गेला.

रविवार, १६ फेब्रुवारी
तळेगाव. हॉस्पिटल. नाकात ऑक्सिजन.
डॉक्टरांनी विचारलं, वेगळं काही खाण्यात आलं का? नाही म्हणालो. पराग नैसर्गिक असतो.
जागा सत्यमला मिळाली. कंत्राटदाराने सविताला फोनवर सांगितलं, दमेकरी माणूस आता कंत्राटावरही नको.
सविताने एवढंच विचारलं, पंप कुठं हाय? मी झोपल्यासारखं केलं.
आईने घरी बरणी उकिरड्यावर ओतली म्हणे. कोंबड्यांनी दाणा न् दाणा खाल्ला. त्यांना काहीही झालं नाही.
म्हणजे मालात दोष नव्हता.