साबणदाणीचं जहाज

प्रिय राखी,

‘वादळ आहे, हीव्ह टू करतोय, काळजी नको,’ एवढं लिहून तू मोकळी झालीस. अगं, पण हीव्ह टू म्हणजे काय, ते आम्हाला कोण सांगणार? नाशकात आम्ही पाणी बघायचं ते गोदावरीचं, नाहीतर गच्चीवरच्या टाकीतलं. तुझ्या पप्पांनी तर लगेच ठरवून टाकलं की जहाज बुडतंय आणि पोरगी लपवतेय. पुढच्या बंदरावर उतरून तिनं सरळ घरी यावं, ही नोकरीच नको, असा धोशा लावला.

मला मात्र त्या शब्दानं स्वस्थ बसू दिलं नाही. डिक्शनरी काढली, तर हीव्ह म्हणजे जोर लावून उचलणे. एवढं जहाज कोण उचलतंय? शेवटी समोरच्या आफिया मॅडमना गाठलं. त्या शाळेत इंग्रजी शिकवतात, पण समुद्राचं इंग्रजी त्यांनाही नवीनच. दोघींनी मोबाईलवर शोधलं. वादळात जहाजाचं नाक लाटांकडे करायचं, इंजिन जेमतेम चालू ठेवायचं आणि पुढे जायची घाई न करता तिथंच तग धरायचा. एवढं सगळं त्या दोन शब्दांत! मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवतेय, पण हे क्रियापद कधी वाक्यात वापरलं नाही.

पप्पांना सांगितलं, तर पटेना. अंबडच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलेला माणूस, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानत नाही. त्यांनी कणकेची परात पाण्यानं भरली, त्यात साबणदाणी सोडली आणि मला म्हणाले, परात हलव, लाटा कर. आडवी ठेवली की लगेच भरून बुडायची. मग त्यांनी तिचं तोंड लाटेकडे केलं आणि मागून हाताचा हलकासा टेकू दिला. माझे दंड भरून आले, स्वयंपाकघरात तळं झालं, पण साबणदाणी तरंगतच राहिली. लादी त्यांनीच पुसली, हे मुद्दाम लिहितेय, कारण असं पुन्हा घडणार नाही.

खरं सांगू? ‘परत ये’ म्हणायलाच पप्पांनी मला या पत्राला बसवलं होतं. मजकूरही त्यांनीच सांगितला होता. पण लादी पुसता पुसता त्यांनी विचारलं, ‘तिथं मागून टेकू कोण देतं?’ म्हटलं, इंजिन. ‘आन् इंजिनावर कोण?’ म्हटलं, आपली राखीच की. त्यांनी फडकं घट्ट पिळलं. मग म्हणाले, ‘ये म्हनून लिहू नको. तिथं लय लोक हायेत तिच्या भरवशावर.’

तुझीच,
आई