मोडक्या शिंगाचा हेडमास्तर

३ एप्रिल
बुकित तिमाहच्या मागच्या जंगलातल्या पाचही कॅमेऱ्यांची कार्डं बदलली. घामाने शर्ट पिळून निघाला. क्वीन्सटाउनला घरी येऊन फोटो लॅपटॉपवर टाकले. रानडुकरं, माकडं, एक सायकलवाला (तिथे सायकलला बंदी!) आणि कॅ. ३ वर चक्क सांबर. भला थोरला नर. डाव्या शिंगाचं पुढचं टोक मोडलेलं, त्यामुळे ओळखायला सोपा.

बाबा कधी मागे येऊन उभे राहिले कळलंच नाही. आई गेल्यावर मी त्यांना काही महिन्यांसाठी वर्ध्याहून इथे सिंगापूरला आणलं, तेव्हापासून 'हो', 'नको' आणि 'बास' यापलीकडे बोलणं नाही. आज म्हणाले, "हा इथे? एवढ्या इमारतींच्या गावात?"

आख्खं वाक्य! मी तव्याकडे वळून डोळे पुसले. पोळी करपली ती करपली.

१० एप्रिल
बाबा सकाळी सकाळी, "आज कार्ड आणणार ना?"
मी म्हटलं, आणते. खरं तर आज ऑफिसात बसायचा दिवस होता. वेई लिंगला (माझी कामावरची जोडीदारीण, जंगलात नेहमी दोघींनीच जायचं असतं) फोन करून विनवलं. ती काही न विचारता आली. देव तिचं भलं करो, असं आमच्यात म्हणत नाहीत, तरी म्हणते.

कॅ. ३ वर पुन्हा तोच. बाबा हसले! "आमच्या हेडमास्तरांसारखा चालतोय बघ. मान वर, आणि वर्गात कोण गडबड करतंय ते आधीच ठाऊक." नाव पक्कं. यापुढे हे.मा.

१९ एप्रिल
बाबा चाळीस वर्षं चित्रकलेचे मास्तर, पण आईच्या आजारपणापासून पेन्सिल हातात नव्हती. आज तनूच्या कंपासमधली मागून घेतली आणि हे.मा. काढला. तनू माझ्या कानात, "आई, आजोबा सो पॉवरफुल, लाह!" चित्र फ्रिजवर लावलंय.

जेवताना त्यांनी विचारलं, हे कॅमेरे नेमके कशासाठी? सांगितलं: जनावरं एक्स्प्रेसवे कुठे ओलांडतात ते बघायचं, म्हणजे कुंपण कुठे हवं ते ठरेल. तिकडे अमेरिकेत हेच कॅमेरे शिकारीच्या मोसमाआधी लावतात, कुठला नर टिपायचा ते हेरायला. आमच्याकडे शिकार नाही. आमच्याकडे डांबरी रस्ता आहे, आणि त्याचा मोसम बारमाही. बाबांनी पोळी अर्धीच ठेवली. उगाच बोलले.

२८ एप्रिल
हे.मा. नाही. कॅ. ३ वर फक्त एक मादी, दोनदा आलेली. तसं नोंदवलं.
बाबांना म्हटलं, फिरत असेल कुठेतरी.

५ मे
याही खेपेला नाही. त्यात वेई लिंगचा फोन, गेल्या आठवड्यात एक्स्प्रेसवेवर गाडीखाली एक सांबर गेलं. नर होता म्हणे. उचलून नेलंय, शिंगं कुणी नीट पाहिली नाहीत.
फोन स्पीकरवर होता. बाबांना इंग्रजी चांगलं समजतं, हे मी विसरलेच कशी?
हे.मा.च्या नोंदीपुढे 'मृत?' लिहिलं. बाबांनी पेन्सिल तनूच्या कंपासात परत ठेवली.

बुद्धपौर्णिमा
सुट्टी. जुरोंग ईस्टला आपल्या लोकांकडे वंदना आणि जेवण. सगळे "जयभीम, काका" म्हणत भेटायला येत होते, बाबा नुसते मान हलवत होते. खीर छान होती.

परतताना एमआरटी मेट्रोत आपणहून बोलले. "सारनाथला तुझ्या आईने हरणांना गाजरं चारली होती. कुंपणातून हात घालून. एकानं तिचा पदर चघळला, तर काय हसली होती..." मग खिडकीबाहेर पाहत राहिले. मी त्यांचा हात धरला. हातही त्यांनी धरू दिला.
म्हणाले, "अठ्ठावीसचं परतीचं तिकीट आहे ना माझं? बरं झालं."
बरं काय झालं?

१६ मे
बूट न काढताच लिहायला बसलेय. आनंदाने, हे आधी लिहून ठेवते.
कॅ. ३ चं कार्ड बदलायला वाकले, तर पानांत पाय अडकला. फांदी समजून ओढली. फांदी नव्हती, शिंग होतं. डावं. पुढचं टोक मोडलेलं.
वेई लिंग खो खो हसत, "यू एनीहाऊ से डेड, लाह!" म्हणजे, उगाच मेला म्हणून मोकळी झालीस!

सांबराची शिंगं गळतात आणि नवी येतात, हे मला काय माहीत नाही? शाळेतल्या पोरांना सांगत फिरते मी! पण ओळख सगळी शिंगांवरून ठेवलेली. शिंगं गेली आणि आम्ही दोघी शहाण्यांनी हेडमास्तरांची बाई केली. 'मादी, दोनदा.' त्या 'मादी'चा फोटो तिथेच उभ्याने फोनवर मोठा करून पाहिला. तीच रुंद मान, तीच ऐट.
शिंग जंगलातून आणायची परवानगी नाही. फोटो काढला, होतं तिथे ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. कुणाला, ते माहीत नाही. वेई लिंगने पण केला.

१७ मे
बाबांना काल काही सांगितलं नाही, आज नुसता शिंगाचा फोटो पुढे धरला. बराच वेळ पाहिला. मग मादीचा, म्हणजे हेडमास्तरांचा.
"म्हणजे हा इथेच होता. आपल्या समोरच."
आणि रडले. आई गेली त्या दिवशीही रडले नव्हते. मी शेजारी बसून राहिले. तनूने न सांगता पाणी आणून दिलं. रस्त्यावर मेला तो दुसरा कुणीतरी होता, त्याचं वाईट वाटतंच. पण आज मी सगळ्यांची ऋणी आहे. जंगलाची, वेई लिंगची, त्या बोडक्या डोक्याच्या जनावराची.

२४ मे
कॅ. ३ वर हे.मा. कपाळावर दोन गोंडे, मऊ लव असलेले. नवी शिंगं.
बाबा: "पूर्ण यायला किती वेळ?"
मी: "चारपाच महिने तरी."
त्यांची बॅग अर्धी भरून झालीये. चहा झाल्यावर म्हणाले, "तो इथे राहायचा पास वाढवून मिळतो का गं? विचारून तरी बघ."
लगेच अर्ज केला. अजून उत्तर नाही.
कंपासातली पेन्सिल पुन्हा गायब. फ्रिजवर नवा हेडमास्तर लागलाय. मान, छाती, डोळे, सगळं पुरं केलंय. शिंगांची जागा तेवढी कोरी सोडलीये.