काळ्या अळीचा मार्क

माय, तुझ्या दुसरी शिकलेल्या पोरीनं आज परीक्षेचा प्रश्न काढला! तू असती तर पदर तोंडाले लावून हसली असती. माझी नात, पोराची पोरगी, घरूनच कम्प्युटरवर काम करते. एक मशीन आहे, माणसासारखं मराठीत उत्तरं देते. झाडं, किडे, शरीर, यातलं त्याले खरंच कळते का नुसतं ठोकून देते, हे तपासून मार्क द्यायचं हिचं काम. म्हणे, "आजी, पुस्तकातलं त्यानं सारं वाचलं आहे. तू वावरातलं विचार." मी अशी हरखली का चहा तसाच थंडा झाला. नाही तर मले कोण काय विचारते? भाजीत मीठ किती, एवढंच.

मी विचारलं, पानाखाली रस चोखणाऱ्या माव्याच्या बारक्या किड्याईत काळी, पाठीवर नारिंगी ठिपक्याची अळी दिसली तर काय करावं? मशीन म्हणे, मारू नका, ते ढालकिड्याचं, त्या लाल ठिपकेवाल्या गोल किड्याचं पिल्लू, मावाच खाते. "चूक! शून्य दे," मी म्हटलं. "दिसली का चिरडायची, माझ्या मायनं शिकवलं." नातीनं शून्य मांडला. "पाहा हं आजी, संध्याकाळी पाठवते. आपणच चुकलो तर मशीन उलटं शिकल अन् साऱ्या शेतकऱ्याईले तेच सांगत सुटल."

ते ऐकून मन खायले लागलं. बोरीच्या वावरात मी सात-आठ वर्षांची, कपाशीचं पान उलटं धरून उभी आहे. "माय, हे मावा खाऊन राह्यली!" तू येतेस, अळी बोटानं चिरडतेस, माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "लय शाणी झाली! निंदण कर." तवापासून मीही चिरडतच आली, पाहणं सोडलं.

जेवण झाल्यावर परसातल्या बरबटीच्या शेंगाच्या वेलावरून तसलीच अळी माव्याच्या पानासकट बरणीत टाकली अन् समोर बसली. एकेक मावा धरून ती असा चोखे, जसा तू आंबा चोखायची. चार वाजेपर्यंत अर्धं पान साफ!

"बाई, थांब, पाठवू नको! पूर्ण मार्क दे त्याले."

"काहून? तुझी माय चुकली का?" पोरगी हसतच होती.

"नाही वं. तिनं बरोबरच शिकवलं. मीच भलतं ध्यानात ठेवलं."

धडधडीत खोटं, माय. म्हणून तुले लिहिलेला हा कागद नातीच्या हाती पडू देत नाही, माझ्या पातळाच्या घडीत ठेवते. तुले चूक म्हणायले जीभच वळली नाही.