नवरीकडची का नवरदेवाकडची?

प्रिय करिश्मा,

तू लातूरचं कॉलेज सोडून पुण्याला कंपनीत कामाला गेलीस, तेव्हा आप्पांनी मला विचारलं, "चांगली खेळत होती की गं. काय झालं?" मी म्हणाले, "कंटाळली असेल." खोटं बोलले.

खो-खोच्या शिष्यवृत्तीचा तुझा फॉर्म मीच भरला होता. फी माफ, वसतिगृह फुकट. तू विचारलंस, "ताई, खायाचं काय गं?" घरातली पहिली पदवीधर मी. म्हणाले, "खेळाडूनं पोटाचं रडगाणं गाऊ नये."

मग मैत्रिणीच्या लग्नाला मी नांदेडहून आले आणि औसा रोडच्या मंगल कार्यालयात तू दिसलीस. अंगात कॉलेजचा ट्रॅकसूट, ताटात भाताचा ढीग. एका काकांनी तुझं मनगट धरलं. "नवरीकडची का नवरदेवाकडची गं? का नुसतीच जेवायला?" लोक हसले. तू माझ्याकडे पाहिलंस.

"माझी बहीण आहे," एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घातली.

"चुकून आले, काका," म्हणालीस आणि भरलेलं ताट ठेवून निघून गेलीस. माझ्याकडे बोट दाखवलं असतंस, तर तुला ताट सोडून जावं लागलं नसतं. तू दाखवलं नाहीस.

तुझा पत्ता आप्पांकडे आहे. तो मागायचं धाडस अजून होत नाही. कारण त्या दिवशी तू कार्यालयातून गेल्यावरचं एक तुला ठाऊक नाही. मी तुझ्यामागे आले नाही. मी पोटभर जेवले, करिश्मा. जिलेबीसुद्धा घेतली.

वर्षाराणी
('तुझी ताई' लिहिलं होतं, खोडलं.)