नोटीस कुणाला दिली?

सोमवार, ३ फेब्रुवारी

सांगून टाकलं एकदाचं! सकाळी नोरीनच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं — मी चालले. चार आठवड्यांची नोटीस. अठ्ठावीस तारखेचा शुक्रवार शेवटचा. नोरीन खुर्चीतून उठली आणि तिनं मला चक्क मिठी मारली. "भाऊ आहे गं तुझा. जायलाच हवं. इथलं मी बघते." साहेबीण म्हणून कडक, पण बाई वाईट नाही.

मग एरलेंडला फोन. डॉक्टरांनी त्याचे आता पाच-सहा आठवडेच सांगितलेत. ते त्याला इस्पितळात काढायचे नाहीत. स्ट्रॉमनेसला, उत्तरेकडच्या बेटावर, आपल्या घरी, पुढच्या खोलीत, जिथून बोटी दिसतात तिथं काढायचेत. बत्तीस वर्षं त्याच बोटींवर काम केलं, अजून बघून पोट भरलेलं नाही! इस्पितळ म्हणतं, घरात दिवसरात्र कुणी राहणार असेल तरच सोडू. कुणी म्हणजे मी. दुसरं आहेच कोण?

"म्हणजे तुझ्या हातचं सूप प्यावं लागणार," एरलेंड म्हणाला. "हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बावीस दिवस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मिसेस ॲशवर्थ घरी आल्या. वय एक्याण्णव, जिन्यावरून पडलेल्या, इस्पितळाला खाट रिकामी हवी होती. दिवसातून चारदा बाई येईल, बाथरूममध्ये दांडा बसेल, सगळं लावून दिलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. "तू गेलीस की कोण बघणार गं पोरी?" चोपन्नाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं एवढंच एक माणूस उरलंय.

दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या माणसांना इस्पितळातून घरी पोचवणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि माझा स्वतःचा माणूस तिकडे पडून आहे. लाज वाटते. का वाटते ते कळत नाही, पण वाटते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

एजन्सीच्या डेलचा फोन. आवाजात साखर. "थोरा, आनंदाची बातमी! कौन्सिल तुमचं कंत्राट जूनपर्यंत वाढवतंय!"

मी म्हटलं, अरे, मी अठ्ठावीसला चाललेय. नोटीस दिलीय.

"कुणाला दिली?"

नोरीनला.

"अहो, नोरीनला देऊन काय उपयोग? ती तुमची कोण?"

चार वर्षं जिच्यासमोर बसते, जिला विचारल्याशिवाय जेवायलाही उठत नाही, ती माझी कोण! पण त्याचं म्हणणं बरोबर निघालं. काम कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं; नोरीन त्यांची. लावून दिलं एजन्सीनं. आणि कागदोपत्री मी नोकर माझा पगार काढणाऱ्या त्या अंब्रेला कंपनीची, जिचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलेलं नाही. नोटीस द्यायची ती एजन्सीला, तीही लेखी. छत्रीवाल्यांना राजीनामा वेगळाच. नोरीनला तोंडी सांगितलं ते सांगितल्यातच जमा नाही. दोन आठवडे मी हवेत नोटीस दिली होती!

कंत्राट उघडून बघितलं. चौदावं पान. सही माझीच, फोनवर बोटानं केलेली, बसच्या रांगेत.

आजपासून चार आठवडे. म्हणजे चौदा मार्च. एरलेंडला सांगितलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

त्याच पानावर खाली एक ओळ आहे. मी चार आठवडे आधी सांगायचं. कौन्सिल मात्र मला कुठल्याही दिवशी, त्याच दिवशी, घरी पाठवू शकतं. वाचून आधी संताप आला, मग डोक्यात उजेड पडला. धावतच नोरीनकडे गेले.

"नोरीन, मला काढून टाक."

"काय?"

"हाकल मला. आज. तुला नोटीस लागत नाही."

तिनं चष्मा काढला. पुढच्या महिन्यात तपासणीवाले येतायत, दोन जागा रिकाम्या, नवीन भरतीला बंदी. "आणि कारण लिहावं लागतं, थोरा. काम असमाधानकारक, असं? तुझ्याबद्दल? मी खोटं लिहिणार नाही." खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, एजन्सीला तू सांगितलं असशीलच."

तिला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं ती सांगेल. शाब्बास आम्ही दोघी!

बुधवार, १९ फेब्रुवारी

दिवसभर टोलवाटोलवी. छत्रीवाल्यांकडची केली नावाची बाई: "रजा तुम्ही जिथं काम करता ते देतात." कौन्सिल: "तुम्ही आमच्या नोकर नाही, रजा तुमची कंपनी देईल." नोरीननं खटपट करून तीन दिवस काढले. तीन दिवसांत जाऊन-येऊन होतं फक्त. इस्पितळ त्याला तीन दिवसांसाठी घरी सोडणार नाही.

डेलला विचारलं, मी नुसती निघून गेले तर? फार गोड बोलला. "एकोणीस केसेस उघड्या टाकून? अशी तक्रार आम्हाला वरती कळवावीच लागते." वरती म्हणजे समाजसेविकांची नोंदणी ठेवणाऱ्यांना. माझी तिथली नोंदणी एकोणतीस वर्षांची. आजारी आहे म्हणून खोटं सांगावं, तर पकडले गेल्यावर तीच जाणार.

आणि एकोणीस केसेस म्हणजे एकोणीस माणसं. डेलला ते ठाऊक नसेल, मला आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

इस्पितळातून नर्स रोना. "मार्चच्या मध्यापर्यंत धरून चालू नका. शक्य असेल तर आत्ताच या."

शक्य असेल तर.

तिनं फोन एरलेंडच्या कानाशी धरला. सांगावंच लागलं सगळं. तो ऐकत होता, श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुझे तीन मालक, आणि एकालाही तू नकोयस असं नाही. मला बघ, मला तर एकाच खाटेवरून उठवायला सगळे टपलेत." मी हसले. फोन ठेवल्यावर जिन्यात बसून रडले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मुद्दाम सव्वा तास उशिरा गेले. म्हटलं, बोल मला काहीतरी! नोरीननं चहा आणून दिला. सोबत बिस्किटं, ती स्वतःच्या खणात लपवते ती. "झोप झाली नसेल ना तुझी?"

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बैठकीत विभागप्रमुखाला सगळ्यांसमोर म्हटलं, तुम्ही गेल्या वर्षभरात एका तरी म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवलंय का? त्यानं वहीत टिपून घेतलं. "फार मोलाची सूचना, थोरा."

साधं हाकलून घेणंही मला जमत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मिसेस ॲशवर्थ पुन्हा पडल्या. दुपारी पडल्या, संध्याकाळी शेजारणीला दिसल्या. पाच तास फरशीवर. संध्याकाळची बाई कमी केली होती — गेल्या गुरुवारी, मला न विचारता. फाइलमध्ये लिहिलंय, घरी भेट देऊन पाहणी केली, प्रकृतीत सुधारणा. कुणीही गेलं नव्हतं. फोन केला होता. त्या फोनवर म्हणाल्या असतील, मी बरी आहे गं. त्या सगळ्यांनाच तसं सांगतात.

भेटायला गेले. गाल काळानिळा. मलाच म्हणतात, "बस जरा, पोरी. तूच दमलेली दिसतेस."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज माझा शेवटचा दिवस होता. केक आला! नोरीननं तीन तारखेलाच सांगून ठेवला होता, रद्द करायचा विसरली. वर गुलाबी अक्षरांत माझं नाव आणि सुखाचा प्रवास. कार्डावर अठरा जणांच्या सह्या. टाकून कसा द्यायचा, म्हणून सगळे गोळा झाले, कापला, खाल्ला. कुणीतरी सवयीनं टाळ्या सुरू केल्या आणि मधेच थांबल्या. मी म्हटलं, सोमवारी भेटू.

माझ्यापुढं गुलाबी अक्षरांचा तुकडा आला होता. डब्यात भरून ठेवला.

मंगळवार, ४ मार्च

तपासणीवाले. मला खोलीत बोलावलं ते अकराला. एकटीच बाई, माझ्याच वयाची, पेन्सिलनं लिहिणारी. आम्हाला सगळ्यांना उत्तरं पढवून ठेवली होती: काम कठीण आहे, पण पाठबळ उत्तम. विभागप्रमुखानं कालच दोनदा म्हणवून घेतलं होतं.

तिनं विचारलं, "इथली माणसं नीट सांभाळली जातात का?"

आणि मी सांगितलं. घरी भेट दिली म्हणून लिहिलेल्यांतली निम्मी माणसं आम्ही नुसती फोनवर ऐकलीत. वाट बघणाऱ्यांची दुसरी एक यादी आहे, ती तुम्हाला दाखवलेली नाही. मिसेस ॲशवर्थ पाच तास फरशीवर होत्या. तारखा दिल्या. ज्या भेटींना घाईत, न जाताच, मी स्वतः खूण केली होती, त्या दोन्हीही सांगितल्या. पाऊण तास बोलत होते, आवाज चढला नाही की रडू आलं नाही.

खरं लिहिते, कारण इथं खोटं लिहून फसवणार कुणाला? तेव्हा एरलेंड डोक्यात नव्हता. सुटकेचं काहीच डोक्यात नव्हतं. फक्त ती फरशी होती.

बाहेर नोरीन उभी होती. माझ्या खांद्यावरून हात फिरवला आणि आत गेली.

बुधवार, ५ मार्च

चार वाजता डेल. आवाजातली साखर संपलेली. कौन्सिलनं कंत्राट आजपासून संपवलंय, उद्या जायचं नाही, लॅपटॉप दारावर देऊन टाका. कारण: विश्वास उरला नाही.

विचारलं, नोटीस?

"त्यांना लागत नाही हो."

माझ्या एकोणीस फाइली नोरीननं स्वतःच्या टेबलावर उचलून नेल्या. मिसेस ॲशवर्थची सगळ्यांत वर ठेवली. ठेवताना तिनं माझ्याकडे बघितलं. छत्रीवाल्यांना राजीनामा पाठवायचा राहिलाच. राहू दे!

शनिवार, ८ मार्च, स्ट्रॉमनेस

एरलेंड घरी. पुढच्या खोलीत, खिडकीशी. सूप दोन चमचे, तोंड वाकडं. सकाळची बोट गेली तेव्हा डोळे उघडे होते.

मग त्यानं विचारलं, "परत कधी जायचंय तुला?"

म्हटलं, जायचंच नाही. हाकललंय मला, उभ्याउभ्या.

इतका हसला की उचलून बसवावं लागलं. दम परत आल्यावर उशीला टेकला, माझा हात शोधला आणि म्हणाला,

"मग घाई नाही."